स्वतःच्या सहीवर बोट ठेवणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या काचेच्या सहा भांड्यांसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. कुणी आत आल्याचे त्यांना भानच नव्हते. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेच्या उंच खिडकीतून आलेला उजेड भांड्यांतल्या पाण्यात उतरला होता. प्रत्येक भांड्यात एक पाते संथपणे फिरत होते आणि तळाशी एकेक पांढरी गोळी कडांनी धूसर होत चालली होती. मला रायपूरला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारे केंद्र आहे, तिथे मला नोकरी लागली होती. माझ्या साहेबांनी हातात एक पाकीट दिले होते आणि 'लॅबमध्ये मेश्राम मॅडमना देऊन या' म्हणून पाठवले होते.

"मॅडम, ये लेटर..." मी हिंदीत सुरुवात केली.

त्यांनी मान न वळवता नुसता हात वर केला. मी थांबले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग मीही शेजारचे स्टूल ओढून बसले आणि पाण्याकडे पाहू लागले. गोळ्या हळूहळू सैल होत होत्या, त्यांच्यातून पांढरी वाफ निघावी तसे काहीतरी वर येत होते आणि पाण्यात पसरून दिसेनासे होत होते. यंत्राची एकसुरी घरघर चालू होती. मी घरापासून किती लांब आले आहे, भाड्याच्या खोलीत अजून गॅसही नाही, हे सगळे त्या अर्ध्या-पाऊण तासात मी पार विसरून गेले.

शेवटी ताईंनी घड्याळ पाहून वहीत काही लिहिले, पेनाला टोपण लावले आणि माझ्या गळ्यातल्या कार्डावरचे आडनाव वाचले. "देवगडे. कोणत्या गावची होय तू?"

"चंद्रपूरची."

"मग मराठीत बोल नं. इतकी बुजून काहून राहिली? चहा घेशील काय?"

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान संपादकांनी मला दिला, तेव्हा सगळ्यात आधी मला ती दुपार आठवली. माझ्या आधी आणि माझ्यानंतर ताईंच्या हाताखाली शिकलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील. पण एका प्रसंगात मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ताईंसोबत होते. तो प्रसंग ताई स्वतः कधी सांगणार नाहीत. म्हणून तो मी सांगते.

ताईंचे वडील भंडारा जिल्ह्यातून रायपूरला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. घरात वऱ्हाडी-नागपुरी मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत ताई वाढल्या. वडिलांना एक सवय होती, ती ताई आजही अभिमानाने सांगतात. डब्याच्या दुरुस्तीनंतर फळ्यावर ज्याने काम केले त्याचे नाव लिहावे लागे. वडील नाव लिहून झाल्यावर परत जाऊन एकेक बोल्ट हाताने हलवून पाहत आणि मगच घरी येत. रसायनशास्त्रात पदवी घेणाऱ्या ताई त्यांच्या घरातल्या पहिल्या. प्रयोगशाळेत त्या कनिष्ठ विश्लेषक म्हणून रुजू झाल्या आणि पायरी-पायरीने प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. अहवालावर सही करण्याआधी तो त्या मोठ्याने वाचतात. समोर कुणी असो वा नसो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आम्ही नवखे होतो तेव्हा दाराआड उभे राहून याला हसत असू.

आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडे सांगायला हवे. औषधाची एक गोळी दुकानात येते तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणारी कार्यालये अनेक असतात. कारखाना ज्या राज्यात असेल त्या राज्याचे कार्यालय परवाना देते. देशाचे नियंत्रण कार्यालय दिल्लीत बसून सगळ्यांना नियम घालून देते. औषध निरीक्षक दुकानांतून आणि गोदामांतून नमुने उचलतात, ताईंसारखे विश्लेषक ते तपासतात, आणि रुग्णाला त्रास झालाच तर त्याची नोंद आमच्यासारख्या रुग्णालयातल्या केंद्रात होते. आमची नोंद पुढे राष्ट्रीय केंद्राकडे जाते आणि तिथून कधी कधी आंतरराष्ट्रीय संस्थांकडेही जाते. कागदावर हे सगळे एकमेकांना जोडलेले आहे. प्रत्यक्षात मी आले तेव्हा निरीक्षकांना आमच्या नोंदी दिसत नव्हत्या आणि प्रयोगशाळेत कुठल्या गोळ्या नापास झाल्या हे आम्हांला वर्तमानपत्रातून कळत होते.

ताईंनी यावर जो उपाय काढला त्याला कुठलाही सरकारी आदेश नव्हता. दर शनिवारी दुपारी त्यांच्या खोलीत चहा होऊ लागला. औषध निरीक्षक साहूजी यायचे, मी जायची, आणि ताई असायच्या. साहूजी धमतरीकडचे, मोठ्या अंगाचे आणि अतिशय हळू बोलणारे. आठवड्यात कोणी काय पाहिले एवढेच आम्ही एकमेकांना सांगायचो. एखाद्या शनिवारी सांगण्यासारखे काहीच नसे. मग ताई खिडकीतून बाहेर पाहत बसत. अशाच एका निवांत दुपारी त्यांनी आम्हांला त्यांचे स्वप्न सांगितले होते.

"मले एक सपन पडते," त्या म्हणाल्या. "खारून नदीच्या काठी एक लांबच लांब टेबल मांडलेलं आहे. झाडाखाली. दिल्लीचे लोक आहेत, कारखान्याकडचे आहेत, परदेशातले पण आहेत. आणि सगळे मिळून एकच गोळी पाहून राहिले. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाऊन राहिली ती. कोणी भांडत नाही. नुसते पाहतात."

"फिर क्या होता है, दीदी?" साहूजींनी विचारले.

"फिर क्या. मी उठतो आणि ऑफिसला येतो."

आम्ही हसलो. ताई मात्र हसल्या नाहीत.

यानंतर दोन वर्षांनी, श्रावण महिन्यातल्या एका चिकट, ढगाळ सकाळी, देवकीबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. रायपूरच्या गुढियारी भागात मालधक्क्याजवळ त्या राहत. त्यांची मुलगी पूर्णिमा अठरा वर्षांची होती, तिला लहानपणापासून मिरगीचा, म्हणजे फेफऱ्याचा, आजार होता. गोळ्या नियमित चालू असल्याने तीन वर्षांत तिला एकही फिट आली नव्हती. ती नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. आणि आता पंधरा दिवसांत तिला तीनदा फिट आली होती. तिसऱ्या वेळी ती चुलीवरच्या भाताच्या पातेल्यावर पडली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

"मोर नोनी एक दिन घलो गोली नागा नइ करे हे, मैडम," देवकीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. मुलीने एकही दिवस गोळी चुकवली नाही, आणि बाह्यरुग्ण विभागातले डॉक्टर म्हणतात ती गोळ्या फेकून देते. तिला सगळ्यांसमोर त्यांनी खोटारडी ठरवले होते. देवकीबाईंनी कमरेची गाठ सोडून एक कापडी पुरचुंडी माझ्या टेबलावर उलटी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, कितीतरी महिन्यांच्या. त्या वाचू शकत नव्हत्या, म्हणून मुलीने गोळी घेतली की नाही हे कळावे यासाठी रिकामी पट्टी जपून ठेवायच्या.

"देख ले," त्या म्हणाल्या. "गिन ले."

मी मोजल्या. एकही दिवस चुकला नव्हता. आणि शेवटच्या पट्ट्यांवरचा बॅच क्रमांक पाहून मी माझी फाईल उघडली; त्याच क्रमांकाच्या गोळ्या घेणाऱ्या आणखी दोन रुग्णांच्या नोंदी तिच्यात होत्या. त्यांच्यापुढेही आम्ही लिहिले होते, 'रुग्ण औषध नियमित घेत नसावा.'

शनिवारची वाट न पाहता मी तडक प्रयोगशाळेत गेले. ताईंनी क्रमांक वाचला, कपाटातून फाईल काढली आणि उघडली. ही बॅच काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे तपासणीला येऊन गेली होती. गोळीत औषध पुरेसे आहे, असा निष्कर्ष होता. खाली सही होती. ताईंची.

त्या महिन्यात सहा भांड्यांचे ते यंत्र बंद पडलेले होते. गोळीत औषध किती आहे हे तपासले गेले, पण ती पोटात गेल्यावर विरघळते की नाही हे तपासलेच गेले नव्हते. अहवालात शेवटी लिहिले होते, 'केलेल्या चाचण्यांपुरती प्रमाणित दर्जाची.' ताईंनी ते वाक्य नेहमीसारखे मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले.

"ताई, यात चूक नाही," मी म्हणाले. "जेवढं तपासलं तेवढंच लिहिलंय तुम्ही."

"कायद्यानं नाहीच." त्यांनी फाईल मिटली नाही. "हे वाक्य मले वाचवते. पण ते त्या बाईनं कुठं वाचलं? तिच्यापर्यंत तर नुसती गोळी गेली."

यंत्र आता दुरुस्त होते. साहूजींनी त्याच दिवशी एका सरकारी गोदामातून त्या बॅचचे नमुने आणले. पाणी शरीराइतके कोमट झाले, पाती फिरू लागली, आणि आम्ही तिघे समोर बसलो. त्या तासाची आठवण मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखी येते. बाहेर पावसाळी अंधुक उजेड होता, काचेवर ओल धरली होती, पाण्यात पाती शांतपणे फिरत होती, आणि सहाच्या सहा गोळ्या तळाशी नदीतल्या गोट्यांसारख्या पडून होत्या. वेळ संपली तेव्हा ताईंनी एक गोळी चिमट्याने बाहेर काढून तळहातावर घेतली. ती जवळजवळ जशीच्या तशी होती.

"ही त्या पोट्टीच्या पोटातून अशीच जाऊन राहिली होती," त्या म्हणाल्या.

आता खरा प्रश्न होता पत्राचा. खात्यातल्या एका ज्येष्ठांनी ताईंना मायेने सल्ला दिला, की नवे नमुने नापास झाले एवढेच कळवावे, जुन्या अहवालाचा उल्लेख कशाला करता. पदोन्नतीची यादी तयार होत होती आणि त्यात ताईंचे नाव पहिले होते. ताईंनी सल्ला ऐकून घेतला, त्यांना चहा पाजला आणि पत्र लिहायला बसल्या. पत्र चार ठिकाणी जायचे होते: आपल्या राज्याच्या औषध नियंत्रकांकडे, दिल्लीला, कारखाना असलेल्या राज्याकडे आणि दुष्परिणामांच्या राष्ट्रीय केंद्राकडे. चारही पत्रांचा दुसरा परिच्छेद एकच होता. हीच बॅच आपण आधी तपासली होती, विरघळण्याची चाचणी न करता प्रमाणपत्र दिले होते, आणि त्यावर सही आपली आहे, असे त्यात सरळ लिहिले होते. पत्रे टपालात पडली तेव्हा मीच घाबरले होते. ताई त्या दुपारी डब्यातली भाकरी नेहमीसारखी जेवल्या.

पंधरवड्यात ताईंना कारणे दाखवा नोटीस आली. यादीतले नाव मागे पडले. आणि गोळ्यांचे काय? कारखान्याने उत्तर पाठवले, की त्याच बॅचच्या कारखान्यात नमुना म्हणून राखून ठेवलेल्या गोळ्या उत्तम विरघळतात, तेव्हा दोष रायपूरच्या प्रयोगशाळेचा असावा. त्या राज्याच्या निरीक्षकांनी स्वतः जाऊन पाहिले, खरेच विरघळत होत्या. दिल्लीला दोन अहवाल पोचले, दोन्ही सह्याशिक्क्यांचे, आणि एकमेकांच्या बरोबर उलटे. सगळे थांबले. बॅच बाजारातून परत घेण्याचा आदेश अडकला. इकडे पूर्णिमाच्या गोळ्या आम्ही बदलून दिल्या होत्या, पण ती बॅच कुणाकुणाच्या घरात होती कोण जाणे.

"कोणीतरी खोटं बोलतंय," मी चिडून म्हणाले.

"कोणीच नाही," ताई म्हणाल्या. "दोघंही खरं बोलून राहिले. मग फरक कुठं आहे, ते पाहू."

त्यांनी देवकीबाईंची पुरचुंडी मागवली. जुन्या महिन्यांच्या पट्ट्या एका बाजूला लावल्या, नव्या दुसऱ्या बाजूला. बोटांनी चाचपल्या. जुनी पन्नी, म्हणजे गोळ्यांवरचे धातूचे पातळ आवरण, कडक वाजत होती, नवी मऊ लागत होती. मग त्या एक नवी पट्टी घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिची न फाटलेली बाजू उजेडासमोर धरली. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. "वैशाली, इकडं ये," त्यांनी हाक मारली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले. करड्या पन्नीत सुईच्या टोकाहून बारीक असे उजेडाचे ठिपके दिसत होते, काही इथे, काही तिथे, ढगांतून चार-दोन चांदण्या दिसाव्यात तसे. मला आधी ते सुंदरच वाटले. त्याचा अर्थ कळायला क्षणभर वेळ लागला.

पन्नी पातळ वापरली गेली होती. कारखान्यातल्या गोळ्या थंड, कोरड्या खोलीत ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या चांगल्या राहिल्या. आमच्याकडच्या गोळ्यांनी गोदामात, दुकानात आणि गुढियारीच्या घरातल्या फळीवर त्या छिद्रांतून महिनोन्महिने दमट हवा ओढून घेतली आणि त्या आतून घट्ट झाल्या. औषध होते तेवढेच होते, फक्त सुटत नव्हते.

ताईंनी दिल्लीला फोन केला. नोटीस मिळालेल्या बाईंचा फोन कोण घेणार, अशी मला शंका होती. पण तिथल्या एका अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ताई म्हणाल्या, "सर, आप मत मानिए मेरी रिपोर्ट. उनकी भी मत मानिए. सबको यहाँ भेज दीजिए, एक ही मशीन पे, एक साथ देखते हैं."

आणि ते आले. दिल्लीचे अधिकारी, कारखान्याच्या राज्याचे निरीक्षक आणि राष्ट्रीय केंद्रातल्या एक डॉक्टर. कारखान्याने जपून ठेवलेल्या त्याच बॅचच्या पट्ट्या सोबत होत्या. त्यातल्या अर्ध्या ताईंनी सर्वांसमोर मोहोरबंद करून दमट हवेच्या कपाटात ठेवल्या, अर्ध्या कोरड्या जागी. ठरलेले दिवस गेल्यावर मंडळी पुन्हा जमली. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या म्हणून साहूजी उभेच राहिले. कोरड्या जागेतल्या गोळ्या पाण्यात उमलून गेल्या. दमट कपाटातल्या तळाशी बसून राहिल्या. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी एक पट्टी उचलून उजेडात धरली आणि न बोलता शेजारच्या निरीक्षकांकडे दिली, त्यांनी ती डॉक्टरांकडे दिली. मी साहूजींकडे पाहिले, ते माझ्याकडेच पाहत होते. आम्हां दोघांनाही खारूनच्या काठचे ते टेबल आठवले होते. ताई मात्र वहीत वेळ लिहीत होत्या.

बॅच परत घेण्याचा आदेश तिथेच लिहिला गेला. या वेळी त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. कारखान्याच्या राज्याने पन्नी बदलून घेईपर्यंत उत्पादन थांबवले. ताईंनी आणखी एक गोष्ट विचारली, "यह माल देश के बाहर भी गया है क्या?" गेला होता, शेजारच्या एका डोंगराळ देशात. दिल्लीहून तिथल्या नियंत्रण कार्यालयाला इशारा गेला. काही दिवसांनी तिथल्या एका अधिकारी बाईंचा फोन ताईंच्या टेबलावर वाजला. मोडक्या हिंदीत त्या सांगत होत्या, की त्यांच्याकडेही रुग्णांच्या फिट वाढल्या होत्या, आणि त्यांनीही रुग्णांनाच रागावले होते. "हम लोग ने उनको डाँटा, मैडम," असे त्या दोनदा म्हणाल्या. ताईंनी फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांना रडताना पाहिले ते तेवढेच.

दुसऱ्या दिवशी ताई गुढियारीला गेल्या. मीही सोबत गेले. देवकीबाई दारात तांदूळ निवडत होत्या, पूर्णिमा आत खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. तिची परीक्षा हुकली होती. हाताला अजून पट्टी होती. ताई उंबऱ्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि छत्तीसगढीत त्यांनी सगळे सांगितले. यंत्र बंद होते ते सांगितले, गोळी चांगली असल्याच्या कागदाचे सांगितले.

देवकीबाईंचा हात सुपात थांबला. सही तुझी होती का, असे त्यांनी विचारले. "तोर दस्तखत रिहिस?"

"हव," ताई म्हणाल्या. "मोर रिहिस."

मालधक्क्यावरून पोती टाकल्याचे आवाज येत होते. माफ केले असे देवकीबाई म्हणाल्या नाहीत, आणि ताईंनीही तशी अपेक्षा केली नसावी. देवकीबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि एवढेच म्हटले, की डॉक्टरांनी माझ्या पोरीला चारचौघांत 'लबरी' म्हटले आहे, खोटारडी म्हटले आहे, तेव्हा त्यांच्यासमोर चल आणि हे सांग. "त डाक्टर के आघू म चल, अउ कह."

ताई लगेच उठल्या. आम्ही चौघी रिक्षाने रुग्णालयात गेलो. बाह्यरुग्ण विभागात रांग होती. ताई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना आपली ओळख दिली आणि मागच्या बाकांवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की ही मुलगी खरे बोलत होती, गोळी खराब होती, आणि ती चांगली असल्याचा कागद मी दिला होता. डॉक्टर तरुण होते. ते खुर्चीवरून उठले आणि पूर्णिमाला म्हणाले, "सॉरी बेटा." पूर्णिमा त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती आईकडे वळून म्हणाली, "मैं बोली थी ना, मम्मी." देवकीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग, परत निघताना, ताईंचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या.

पूर्णिमाला त्यानंतर फिट आलेली नाही. पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली आणि आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. हातावरचा डाग राहिला. ताईंच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली, तीही राहिली. पदोन्नती उशिरा मिळाली. एवढे मात्र झाले, की आमच्या भागात आता कुठलीही संशयास्पद नोंद निरीक्षक, प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्याकडे एकाच दिवशी जाते, आणि दोन राज्यांचे अहवाल जुळले नाहीत तर दोघांनी एकत्र बसून चाचणी करायची, हे गृहीत धरले जाते. 'रुग्ण औषध नियमित घेत नसावा' हे वाक्य लिहिण्याआधी आमच्या केंद्रात बॅच क्रमांक पाहावाच लागतो. त्या दोन जुन्या नोंदी मी स्वतः दुरुस्त केल्या आणि त्या रुग्णांच्या घरी जाऊन सांगून आले. त्याही वेळी ताई सोबत यायला तयार होत्या. मी म्हटले, "ताई, ही सही माझी आहे." त्यांनी मान डोलावली.

ताईंच्या कामाबद्दल इतके लिहिले, पण त्यांच्या घरगुती मायेबद्दल न लिहिता हा लेख संपवला तर माझी मुलगी मला माफ करणार नाही. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी ताई आल्या की पाच मिनिटांत स्वयंपाकघरात असतात. माझ्या मुलीला मराठी समजते, पण उत्तर ती हिंदीत देते. ताईंनी तिच्याशी एक खेळ मांडला. ती हिंदीत बोलली की ताई कानावर हात ठेवत. "काय म्हणून राहिली पोट्टी? मले समजत नाही बाप्पा." ताईंना हिंदी येत नाही हे माझ्या मुलीला कितीतरी दिवस खरे वाटत होते. तिला या आजीला शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगायच्या असत, म्हणून ती अडखळत मराठी बोलू लागली. आता ती घरात 'मले', 'तुले' म्हणते, आणि चंद्रपूरला गेली की माझी आई डोळे मोठे करून विचारते, हिला हे कुणी शिकवले!

मला कावीळ झाली तेव्हा ताई महिनाभर कचेरीत जाण्याआधी माझ्याकडे येत होत्या. येताना भाताची पेज आणत, ती मी संपवेपर्यंत समोर बसत, आणि माझ्या गोळ्यांची पट्टी मात्र न चुकता खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहत. मग डोळे मिटून घटकाभर खुर्चीत मान टेकत. कशाची स्वप्ने पाहता, म्हणून विचारले तर म्हणत, "काही नाही. बरं वाटते असं बसलं की."

या ग्रंथाची बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांचा फोन आला. "काहून लिहून राहिली माझ्यावर? आणि लिहशीलच, तर ती बॅच लिहिजो. नुसतं चांगलं चांगलं नको."

ताई, लिहिली आहे. आज तुमची साठ वर्षे पूर्ण होत आहेत. तुमचे गुडघे दुखतात आणि तुम्ही रक्तदाबाची तपासणी पुढे ढकलता, हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे. ती ढकलू नका. तुम्हांला निरोगी आणि खूप मोठे आयुष्य लाभो. आमच्यातले नवे लोक म्हातारे होताना तुम्हांला दिसोत, आणि ज्या शनिवारी सांगण्यासारखे काहीच नसते असे शनिवार तुमच्या वाट्याला पुष्कळ येवोत. आम्हीही पुढे चुकणार आहोत, सगळेच चुकतात. तेव्हा तुम्ही जवळ असा, आम्हांला नावाने हाक मारा आणि खिडकीशी बोलावून दाखवा.